खिडकी कोणत्या बाजूची?

धुळे ते जळगाव रस्ता जवळपास सरळ पूर्वेला जातो. चौपदरी झाल्यापासून हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण तो अरुंद डांबराचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता, तेव्हा आम्हा खानदेशी पोरांना दिशांचं ज्ञान त्यानेच दिलं. भूगोलाच्या मास्तरांचा त्यात काही हात नव्हता.

महिना मे आणि एसटीची गाडी सकाळची असेल, तर जळगावला जाताना डावी खिडकी घेऊ नये. त्या दिवसांत सूर्य ईशान्येकडे सरकून उगवतो आणि पारोळ्यापर्यंत डावा कान भाजून निघतो. संध्याकाळी धुळ्याकडे परतताना उजवी टाळायची. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला, म्हणजे जाताना ऊन उजवीकडे, आणि तेव्हा ते हवंच असतं. मेच्या भर दुपारी मात्र हे गणित गुंडाळून ठेवावं. खानदेश साधारण २१ अंश अक्षांशावर, त्यामुळे सूर्य थेट टपावर येतो आणि पत्रा सगळ्यांना सारखाच न्याय देतो. एवढं सगळं पाठ असूनही पोरांना खिडकी मिळत नसे. ती मामांना लागे, कारण मामांच्या तोंडात तंबाखू असे.

बाजू ठरली की रांग. सगळ्यात मागचं लांब बाकडं मोकळं दिसतं ते उगाच नाही. ते मागच्या चाकांच्याही मागे लोंबतं, त्यामुळे चाक खड्ड्यात इंचभर गेलं की बाकड्यावरचा माणूस टपाला शिवून येतो. ड्रायव्हरशेजारी इंजिनाचं बॉनेट, त्यावर पोरांना बसवायची पद्धत होती. हिवाळ्यात ती चैन, उन्हाळ्यात शिक्षा. चाकावरच्या सीटला पायाखाली उंचवटा, गुडघे हनुवटीला. उत्तम जागा म्हणजे दोन्ही चाकांच्या मधल्या रांगा, आणि त्या धरण्यासाठीच फलाटावर रणकंदन होई. रुमाल, टोपी, पिशवी, जे हाती येईल ते खिडकीच्या गजांतून आत टाकायचं. गजांतून पोर जात नाही, म्हणून पोराला ड्रायव्हरच्या दारातून आत ढकलायचं. आत गेल्यावर त्याने तिघांच्या बाकावर आडवं पडायचं आणि कुणी कितीही ओरडलं तरी उठायचं नाही. तरीही पुढच्या थांब्यावर एखादी आजी चढेच, ‘जरासा सरकी बस ना भाऊ, तीनना चार व्हई जातीन’ म्हणत. चार होतच. चौथा कोण होता, तर पोरगं, आणि त्याची रवानगी मांडीवर.

तिकिटाच्या बाबतीत वय लवचिक. पाचच्या आत फुकट, पाच ते बारा अर्धं. त्यामुळे खानदेशात पोरं साडेचारची बराच काळ असत आणि बाराची तर कित्येक वर्षं. कंडक्टर मिसरुडाकडे बघे, मग आईकडे बघे, आणि अर्धं फाडे. भाडं टप्प्यांत, दर टप्पा ६ किलोमीटरचा; गाव टप्प्याच्या पुढे एक किलोमीटर असलं तरी पुढचा अख्खा टप्पा मोजायचा. छापील रकमांची वेगवेगळी तिकिटं जोडून भाड्याची बेरीज होई आणि प्रत्येकाला पंचने भोक पडे. उभ्या माणसांच्या गर्दीत, हलत्या गाडीत, काखेत ट्रे धरून ही बेरीज चुकत नसे, याला मी आजही विद्या मानतो. छताखालची दोरी एकदा ओढली तर थांबा, दोनदा ओढली तर चला. पोरांना ती ओढायची फार इच्छा, म्हणून ती पोरांच्या हाताला लागणार नाही इतकी वर.

आता मळमळ. डोळ्यांसमोर पुढच्या सीटची पाठ स्थिर, आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हिंदकळतोय. या भांडणात पोट हरतं. उपाय एकच: पुढच्या काचेतून लांबचा रस्ता बघत राहावं. पण पुढे उभ्या माणसांच्या पाठी, मग लिंबू हुंगणं आणि आवळासुपारी चघळणं आलं. निघताना दूध पाजणं हा हमखास घात. वर्तमानपत्रावर बसवलं की उलटी होत नाही, असं आयांचं ठाम मत. त्या कागदाचा उपयोग पुढे व्हायचाच, फक्त वेगळा. खरी अडचण काचेची. सरकती काच दोन रांगांत सामाईक, तुम्ही उघडली की मागच्याची बंद होते. त्यामुळे वाऱ्यासाठी तासभर भांडलेले मागचे लोक, पुढच्या पोराने गजांना तोंड लावलं रे लावलं की आपण होऊन काचा ओढून घेत. गाडी धावताना वारा मागे जातो, हे शास्त्र सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

खाण्याची शिदोरी म्हणजे दशम्या. पिठात पाणी नाही, दूध. म्हणून दोन दिवस नरम राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, फिरकीच्या तांब्यात पाणी. रेल्वेचं फाटक बंद मिळालं की डबे उघडत. भुसावळकडून मालगाडी येणार म्हणून लागलेलं फाटक दशमी संपेपर्यंत उघडत नसे, आणि काकडी-पेरूवाल्यांना ते गाडीच्याही आधी कळलेलं असे.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायचा तर वेगळी तयारी. खालच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत राही आणि वळणावर रेडिएटर उकळे. मग चाकामागे दगड, झाकणावर ओलं पोतं, आणि झाकण लगेच उघडायचं नाही, नाहीतर वाफ तोंडावर. थोडं निवल्यावर इंजिन चालू ठेवून पाणी हळूहळू ओतायचं. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर ते तडकतं. तोवर पोरं घाट बघत. मोठी माणसं ड्रायव्हरला सल्ले देत, ज्यांनी घरी सायकलचंही पंक्चर काढलेलं नसे.

पावसाळ्यात नाल्याची फरशी, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल, आडवी येई. कडेचे चुना फासलेले दगड दिसत असतील तर गाडी घालायची, बुडाले तर वाट बघायची, असा साधा नियम. तो मोडा म्हणणारे प्रवासी नेहमी मागच्या बाकड्यावरचे.

उतरताना एक काम विसरू नये. सुट्टे नसले की कंडक्टर उरलेले पैसे तिकिटाच्या पाठीवर लिहून देई. ते स्टँड यायच्या एक थांबा आधीच मागायचे, कारण स्टँडवर तो चढणाऱ्यांच्या गराड्यात सापडतो. आणि तिकीट वडिलांच्या खिशात ठेवावं. पोराच्या हातात दिलं तर एरंडोलपर्यंत त्याची होडी झालेली असते.