सेझिन्कोट: 'बोटीने नेलेला' महाल

मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेलं फॉरवर्ड असं: 'इंग्रजांनी दिल्लीचा मुघल महाल दगड न् दगड सुटा करून बोटीने नेला आणि आपल्या खेड्यात पुन्हा उभा केला.' शिवाय कारागीर भारतातून नेले, प्राचीन सूर्यमूर्ती चोरली, ही सगळी लूट, असंही. सोबत एक फोटो. खाली हात जोडलेल्यांची रांग. घर खरं आहे, इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमधलं सेझिन्कोट. बाकी सगळी थाप.

आधी बोटीचं. हे घर 1805च्या सुमारास बांधलं, तेही कॉट्सवोल्ड्स या तिथल्याच टेकड्यांमधल्या चुनखडीच्या दगडात. तांब्याचा हिरवा पडलेला घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या (खांबांवरचे छोटे घुमट), रुंद छज्जे, मोरपिसाऱ्यासारख्या कमानी. हा सगळा थाट बाहेरून. दार ओलांडलं की मुघल संपले! आत ग्रीक-रोमन वळणाच्या खोल्या आणि भपकेबाज जिना. ना चौक, ना जनाना. शेरवानी चढवलेला इंग्रज साहेब, दुसरं काय? खरा महाल उचलून नेला असता तर आतलं काय वाटेत समुद्रात पडलं?

'भारतातून नेलेले कारागीर' म्हणे. वास्तुकार होता सॅम्युअल पेपिस कॉकरेल, मालक चार्ल्सचा सख्खा भाऊ. हा गडी भारतात कधी आलाच नाही. त्याच्यापुढे होती टॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांची चित्रं. दोघं 1786 ते 1793 भारतभर हिंडले आणि 'ओरिएंटल सीनरी' हा 144 चित्रांचा संच काढला. तो एकदा चाळा, छत्र्या आणि छज्जे कुठून आले ते कळेल. बागेसाठी तर टॉमसच सल्ल्याला होता. तिथल्या पुलाखालचे खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेत. पुलावर नंदीही बसवलेत.

'चोरलेली प्राचीन सूर्यमूर्ती'? ती कोड स्टोनची, म्हणजे इंग्लंडमध्येच भट्टीत भाजून केलेल्या कृत्रिम दगडाची.

लूट हा शब्द मात्र अगदीच हवेतला नाही, एवढं नाइलाजाने मान्य. चार्ल्स कलकत्त्यात कंपनीच्या नोकरीत होता, तिथल्या एका बड्या पेढीत भागीदारही होता. घराचा पैसा तिकडचाच. पण त्यावर फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.

आणि सोबतचा फोटो? तो सेझिन्कोटचा नाहीच, ब्रायटनच्या रॉयल पॅव्हेलियन या राजवाड्याचा आहे. इंग्लंडच्या युवराजाने 1807मध्ये सेझिन्कोट पाहिलं होतं. त्याच्यासाठी वास्तुकार जॉन नॅशने 1815पासून पॅव्हेलियनला हे रूप दिलं. तिथे घुमटांची नुसती गर्दी. सेझिन्कोटच्या घरावर मोठा घुमट एकच, मोजायला फार वेळ लागत नाही.