बायकोला जांभळं पिस्तूल घेऊन देणाऱ्यांनो

दुपारपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहिते. लांबलचक होईल.

इथे टेक्ससमध्ये आमच्या शेजारी नागपूरचं एक तरुण जोडपं राहतं. दोघांना यंदा ग्रीन कार्ड मिळालं. तिची हॉस्पिटलात रात्रपाळी असते. पहाटे पार्किंग गॅरेजमधून एकटीने गाडीपर्यंत जायचं, आणि मध्यंतरी तिथेच एका नर्सची बॅग हिसकावली. पिस्तूल घ्यायचं हे तिने स्वतः ठरवलं. मला म्हणाली, ताई, तुम्ही चला ना सोबत. गेलो तिघं.

काउंटरमागचा माणूस सगळा वेळ तिच्या नवऱ्याशी बोलला. आधी कधी चालवलंय का, पंजा केवढा आहे, ठेवणार कुठे, यातलं एक अक्षर तिला विचारलं नाही. काचेखालून इवलंसं जांभळं थ्री-एटी, म्हणजे .३८० च्या छोट्या गोळीचं पिस्तूल, काढलं आणि ठेवलं समोर. बायकांसाठी म्हणे हेच खपतं. नवरा खूश. "ताई, बरंय ना? पर्समध्ये पण मावतं."

तिने स्लाइड, म्हणजे गोळी भरायला मागे ओढायचा वरचा भाग, ओढून बघितली. अर्ध्यावर अडली. पुन्हा ओढली, चेहरा लालबुंद, तरी पूर्ण मागे येईना. तर तो माणूस म्हणतो, होईल सवय.

नाही होत! मी माझ्या वन्संचं बघितलंय.

वन्सं आणि त्यांचे यजमान सॅन अँटोनिओच्या वाटेवर, आय-१० महामार्गाला लागून गॅस स्टेशन चालवतात. शेजारच्या दुकानात दरोडा पडला तेव्हा यजमानांनी त्यांना असंच एक छोटं, हलकं, दिसायला गोड पिस्तूल आणून दिलं. ते ड्रॉवरमध्ये पडून होतं. मी हट्टाने त्यांना नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेले. पहिल्याच मॅगझिनमध्ये रिकामं काडतूस स्लाइडच्या फटीत उभं अडकलं. वन्सं पिस्तूल दोन्ही हातांत धरून तशाच उभ्या. "आता काय करू गं?" एसी चालू होता, कानाला मफ, समोर कागदाचं टार्गेट, अंगावर धावून येणारं कुणीही नाही. तरी त्यांचे हात थरथरत होते. हीच वेळ रात्री दोन वाजता गल्ल्यापाशी आली असती तर?

छोटं पिस्तूल म्हणजे सोपं पिस्तूल, हा समज लोकांच्या डोक्यातून जात कसा नाही? उलटं आहे. बहुतेक जुन्या धाटणीच्या थ्री-एटींमध्ये गोळी सुटताना स्लाइडला नळीशी जखडून ठेवणारं काहीच नसतं. सगळा भार स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर. म्हणून स्प्रिंग ताठ, म्हणून ओढायला जड. हलकं असल्याने झटका सगळा मनगटात. पकड जेमतेम दोन बोटांची. मनगट किंचित ढिलं पडलं की स्लाइड पुरती मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. वन्संच्या बाबतीत हेच झालं. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. आणि मध्यम आकाराचं नाइन एमएमच्या गोळीचं पिस्तूल घ्या: त्यात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून थोडं अंतर सोबत मागे जातात, स्प्रिंगवर तेवढा ताण नसतो, वजन झटका खातं. गोळी जास्त ताकदीची, आणि तरी चालवायला नरम. वन्संनी त्याच दिवशी माझं ग्लॉक १९ हातात घेतलं. डाव्या हाताने स्लाइड छातीजवळ घट्ट धरायची आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं, एवढं दाखवलं. ओढली त्यांनी. साठी उलटलेल्या बाईने ओढली, आणि दुकानदार आपल्या तिशीतल्या पोरीला सवय होईल म्हणून सांगतो!

ग्लॉकसारखं स्ट्रायकरचंच पिस्तूल का, हे तिच्या नवऱ्याने गाडीत विचारलं. चांगला प्रश्न होता, म्हणून शांतपणे उत्तर दिलं. बाहेर घोडा नाही. कपड्यात अडकायला काही नाही. स्लाइडच्या आत स्प्रिंगवर बसलेला स्ट्रायकर, चाप ओढला की तो सुटतो आणि काडतुसाच्या बुडावर आदळतो. मुख्य म्हणजे पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत चाप सारखाच. बेरेटा ९२ सारख्या पिस्तुलात, जे अमेरिकन लष्कराने १९८५ पासून तीसेक वर्षं वापरलं, पहिली ओढ लांब आणि जड, दुसरी एकदम हलकी. रोज सराव करणाऱ्या शिपायाला ते जमतं. रात्रपाळीहून दमून आलेल्या मुलीला दोन वेगळ्या ओढी कशाला शिकवायच्या? तिला एकच शिकू दे आणि ती पक्की होऊ दे.

रिव्हॉल्वर अडकत नाही, असं म्हणाल. बरं, हो, सहसा नाही अडकत. पण छोट्यात पाचच गोळ्या, आणि चाप ओढायला केवढा जड!

आता नावं. ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये घेतलं, त्याचं धाकटं भावंड ग्लॉक १९ आलं १९८८ मध्ये. ४ इंची नळी, १५ गोळ्या. दिसायला काही नाही, काळा ठोकळा. पण इतकी वर्षं, इतक्या देशांचे पोलीस, सुटे भाग आणि होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) कुठल्याही दुकानात. हात पटकन बसत नसेल तर स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी २.० बघा. पाठीचे पट्टे बदलून पकड लहानमोठी करता येते. वॉल्थर पीडीपीचा चाप मला तिघांत सगळ्यात आवडतो. यातलं कुठलंही घ्या, मी भांडणार नाही.

सिग पी३२० मात्र मी घरात आणणार नाही. अमेरिकन लष्कराने २०१७ मध्ये तेच निवडलं, हे मला दहा जण सांगतील. माहीत आहे. त्याच वर्षी ते विशिष्ट कोनात पडलं तर आपोआप सुटतं हे उघड झालं आणि कंपनीला दुरुस्ती जाहीर करावी लागली. त्यानंतरही चापाला हात न लावता सुटल्याचे खटले येतच राहिले, आणि २०२४ मध्ये जॉर्जिया आणि फिलाडेल्फियातल्या ज्युरींनी कंपनीच्या विरोधात कौल दिला. कंपनी दोष मान्य करत नाही, लाखो लोक विनातक्रार वापरतात, हेही खरं. तरी जी वस्तू माझ्या लेकीच्या आईच्या कमरेला असणार आहे, तिच्याबद्दल एवढीशी शंकासुद्धा मला नको.

आणि नाइन एमएमने काय होणार, जाड गोळीचं फोर्टी-फाइव्ह घ्या म्हणणाऱ्या काकांसाठी: एफबीआयने १९८६ च्या मायामीच्या चकमकीनंतर मोठ्या गोळ्यांचा नाद केला, आणि तीस वर्षांनी परत नाइन एमएमवर आली. कारण त्याने नेम लवकर आणि अचूक लागतो. विषय संपला.

पण नाव वाचून पिस्तूल भरवशाचं होत नाही हो. भरवसा तुमच्या हातात, तुमच्या गोळ्यांवर तपासावा लागतो. सरावाला साध्या गोळ्या चालतात, घरात मात्र हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या, ठेवायच्या, आणि ज्या ठेवणार त्यांतल्याच निदान दोनशे गोळ्या त्याच पिस्तुलातून, त्याच मॅगझिनमधून झाडायच्या. हॉलो पॉइंटचं तोंड पसरट असतं, काही पिस्तुलं ते नीट गिळत नाहीत. महाग पडतं, मान्य. एका आयफोनच्या कव्हरवर आपण किती घालवतो ते आठवा. वन्संचं ते पिस्तूल दुकानातून ड्रॉवरमध्ये गेलं होतं, मध्ये एकही गोळी सुटली नव्हती. यजमानांना वाटत होतं, बायको सुरक्षित झाली. याचा मला आजही संताप येतो.

आता पर्स. इथे मला जरा सावकाश लिहायचंय.

२०१४ च्या डिसेंबरात आयडाहोमध्ये एक आई वॉलमार्टमध्ये खरेदीला गेली होती. पर्स ट्रॉलीत, शेजारी दोन वर्षांचा मुलगा. त्याने चेन उघडली आणि पिस्तूल त्याच्या हाताला लागलं. आई जागच्या जागी गेली. तिच्याकडे परवाना होता, ती जबाबदार बाई होती, पर्ससुद्धा पिस्तूल ठेवायचीच होती. मी हे वाचलं तेव्हा माझी लेक तेवढीच होती, आणि मला रात्रभर झोप आली नाही.

स्ट्रायकरच्या पिस्तुलाला बहुतेक वेळा बाहेरचं सेफ्टी बटण नसतं. ग्लॉकच्या आत तीन सेफ्टी आहेत, पण बोटाने चाप ओढला की तिन्ही सुटतात, मग ते बोट आईचं असो की बाळाचं. म्हणून चाप पूर्ण झाकणारं ताठ होल्स्टर, अंगावर. नाहीतर तिजोरीत. तिसरी जागा नाही. टेक्ससमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरच्यांना परवान्याशिवाय बाळगता येतं, पण सतराच्या आतल्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं शस्त्र ठेवणं इथेही गुन्हाच आहे. आणि ग्लॉक साफ करायला सोडवताना चाप ओढावा लागतो, तेव्हा मॅगझिन काढा, चेंबर (नळीत गोळी बसायची जागा) बघा, पुन्हा बघा, बोट घालून बघा.

घरात बंदूक असणं हाच धोका, असं माझी पुण्याची बहीण फोनवर म्हणते. तिचं पूर्ण चूक नाही. पण ती रात्री दोनला आय-१० वर गल्ला मोजत नाही.

आणि हो, संधिवात असेल तर माझं हे मोठ्या पिस्तुलाचं पुराण बाजूला ठेवा. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी अशा हातांसाठीच केलंय. त्यात स्ट्रायकर नाही, आत घोडा आहे. २०२० मध्ये नाइन एमएमच्या काही पिस्तुलांचे घोडे कंपनीने परत मागवले होते, तेव्हा जुनं घेताना सिरियल नंबर तपासा.

शेजारच्या नवऱ्यावर दुपारी मी जरा जोरात बोलले. त्याच्या काळजीत खोट नाही. तो तिला घ्यायला रोज पहाटे उठायला तयार आहे, तीच नको म्हणते. फक्त भाऊ, हत्यार तिचं आहे, हात तिचा आहे, निवडू दे तिला. जांभळं तिथेच ठेवून आलो. वन्संनीही त्यांचं ते छोटं विकून टाकलं, आता त्यांच्याकडे एम अँड पी आहे आणि महिन्यातून एकदा यजमानांना गल्ल्यावर बसवून त्या रेंजवर जातात.

येत्या रविवारी सकाळी मी या मुलीला रेंजवर नेणार आहे. माझं ग्लॉक, नवऱ्याचं एम अँड पी, दोन्ही घेऊन येईन, वॉल्थर तिथे भाड्याने मिळतं. शुगर लँड-केटीकडच्या मैत्रिणींनो, यायचं असेल तर मेसेज करा. नाइन एमएमच्या गोळ्या आणि डोळ्यांचे चष्मे आपापले आणा, बंद गळ्याचा टॉप घाला, गरम काडतुसं उडतात. कामाच्या एच-वन व्हिसावर असाल तर नुसतं बघायला या. शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर पिस्तूल विकत घेणंच काय, हातात घेणंही संघीय कायद्यात बसत नाही, आणि त्यापायी कुणाचं ग्रीन कार्ड अडकलेलं मला नकोय. नवरे आले तरी चालतील, मागच्या बाकावर बसा.