‘मला पूर्ण कल्पना आहे’ म्हणे!

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. बाबांचं खातं बंद करायला बँकेच्या ॲपवर मृत्यूचा दाखला चढवला. लगेच चॅटबॉट उगवला: "तुमच्या दुःखाची मला पूर्ण कल्पना आहे. कृपया खातेदाराच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाका."

खातेदाराच्या! अहो, दाखला कुणाचा चढवलाय मग?

आता आयटीवाले मित्र संगणकशास्त्रज्ञ ट्युरिंगला घेऊन येतील. १९५० साली त्याने ‘यंत्र विचार करतं का’ हा प्रश्नच बाजूला सारला. लेखी गप्पांत समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखता येतं का, ते बघा म्हणाला. मग १९८० साली तत्त्वज्ञ सर्ल आला. म्हणाला, समजा, चिनीचं अक्षरही न येणारा माणूस खोलीत बसून, नियमांचं पुस्तक बघत चिनी चिठ्ठ्यांना चिनीत उत्तरं देतोय. त्याला चिनी येतं म्हणायचं का? घाला वाद. मला एवढंच कळतं की माणूस ‘कल्पना आहे’ म्हणाला की अडकतो. काम नाही केलं तर उद्या नजर चुकवावी लागते. बॉटला कसली आलीय लाज?

काउंटरवरचेही काही संत नसतात, मान्य. ‘जेवणानंतर या’ आम्हीही ऐकलंय. पण शेवटी तिथल्याच एकाने दाखल्यावरची तारीख वाचली, आईच्या हातातला फॉर्म घेतला आणि स्वतः भरला. तोंडातून चकार शब्द नाही.

गंमत म्हणजे हीच आई दुपारी फोनमधल्या एआयशी बाबांबद्दल बोलत बसते. मी चिडले, तर म्हणाली, "त्याला काही कळत नाही हे मला कळतं गं. देवाशी बोलते तेव्हा विचारतेस का, तो ऐकतोय का म्हणून?"

गप्पच झाले. १९६६ च्या एलायझाची आठवण आली. आपलंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा तो प्रोग्राम. तरी तो बनवणाऱ्या वायझेनबॉमला त्याचीच सेक्रेटरी प्रोग्रामशी बोलता बोलता म्हणाली, जरा बाहेर जाता का? तिलाही ठाऊक होतं की आत कुणी नाही. वायझेनबॉम हादरला, पुढे आयुष्यभर या प्रकारावर टीका करत राहिला. मला मात्र आज त्या बाईचं काही चुकलं असं वाटत नाही. बोलायचं तिने ठरवलं होतं. आईनेही.

मी कुठे ठरवलं होतं? मला खातं बंद करायचं होतं. तेव्हा बँकवाल्यांनो, ते वाक्य काढा. दाखला मिळाला, काम अमुक तारखेला होईल, नाही झालं तर या माणसाला फोन करा, एवढं लिहा. खाली नाव आणि नंबर. दुःखाचं आमचं आम्ही बघून घेऊ.