‘डिजिटल कॅसेट खराब होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

लग्नसराई सरली की आम्हा शूटिंगवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो सांगली-मिरजेच्या घरगुती ग्रुपांवरही पोहोचला, आणि तीन गिऱ्हाइकांनी तो मलाच पाठवून विचारलं, ‘दादा, हे खरं का?’ मिनी डीव्ही, म्हणजे जुन्या हँडीकॅममधली छोटी डिजिटल कॅसेट, तिच्याबद्दलचा हा मेसेज थोडक्यात असा: ‘मिनी डीव्ही कॅसेट डिजिटल असते, ती खराब होत नाही, घाई करू नका. कॉपी करायची तर यूएसबी लावा नाहीतर पिवळी-लाल-पांढरी केबल, दोन्ही सारखंच. एक तासाचं शूटिंग एक जीबीत मावतं. कॉपी झाली की कॅसेट टाकून द्या.’

मी 2002 पासून सांगलीत लग्नं शूट करतोय. यातलं एकही वाक्य मला मान्य नाही. लोक हे खरं मानून वागले तर घरोघरची गेलेली माणसं दुसऱ्यांदा जातील, म्हणून हे लिहितोय.

‘डिजिटल असते, खराब होत नाही.’ डिजिटल आहे तो सिग्नल. तो ज्यावर लिहिलाय ती 6.35 मिलिमीटर रुंदीची, धातूचा थर दिलेली प्लॅस्टिकची फीत आहे. आपल्याकडच्या पाल या व्हिडिओ पद्धतीत एका सेकंदात 25 फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम फितीवर 12 तिरक्या रेघांत लिहिली जाते. एका रेघेची रुंदी 10 मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढी. पुराच्या गाळाचा एक कण यापेक्षा मोठा असू शकतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, त्यानंतर महिनाभर माझ्याकडे चिखलाने भरलेल्या कॅसेटा येत होत्या. काहींनी त्या उन्हात वाळवून थेट कॅमेऱ्यात घातल्या होत्या. कॅमेऱ्याचं हेड, म्हणजे फीत वाचणारा फिरता भाग, मिनिटाला 9000 फेरे घेतं. अशा वेगात गाळ लागला की फीतही जाते आणि हेडही.

पूर नसला तरी पावसाळ्यातली दमट हवा बुरशीला पुरेशी असते. व्हीएचएस कॅसेट बिघडायला लागली की चित्रात मुंग्या येतात, पण माणूस ओळखू येतो. डीव्हीत थोडी चूक मशीन आधीच्या फ्रेमचा तुकडा चिकटवून झाकून टाकतं, त्यामुळे बिघाड सुरू झाल्याचं आपल्या लक्षातच येत नाही. चुका वाढल्या की एकदम चौकोन पडतात, आवाज तुटतो, आणि मग तिथे काहीच उरत नाही.

‘घाई करू नका’ याला तर माझा सगळ्यात जास्त विरोध आहे. कॅसेट टिकेलही, ती वाचणारं मशीन टिकणार नाही. मिनी डीव्ही 1995 मध्ये आली आणि तिचे कॅमेरे बनणं कधीच बंद झालंय. रबरी रोलर कडक होतात, हेड झिजतं, सुटे भाग जुने कॅमेरे मोडूनच मिळतात. संगणकाचीही तीच गत. कॅसेटवरचं शूटिंग संगणकावर उतरवायला फायरवायर नावाची केबल लागते, आणि नव्या लॅपटॉपला तिचं भोक नसतं. अ‍ॅपलने तर 2025 च्या मॅकओएस टाहोपासून फायरवायरचा आधारच काढून टाकला. त्यात एलपी मोडवर, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं भरलेलं शूटिंग असेल तर रेघ आणखी बारीक होते आणि कधीकधी ज्या कॅमेऱ्यात भरली त्याच कॅमेऱ्यात कॅसेट नीट चालते. तो कॅमेरा अजून घरात असेल तर भंगारात देऊ नका.

आता केबल. बहुतेक मिनी डीव्ही कॅमेऱ्यांची यूएसबी मेमरी कार्डवरचे फोटो काढायला किंवा वेबकॅमसारखं हलकं चित्र पाठवायला दिलेली असते. कॅसेटवरचा मूळ डेटा तिच्यातून येत नाही. पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलमधून चित्र येतं, पण कॅमेरा आधी डिजिटलचं अ‍ॅनालॉग करतो आणि संगणकाला लावायचा स्वस्तातला कॅप्चर डोंगल त्याचं पुन्हा डिजिटल करतो. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल कडेला विरघळतात. त्याहून मोठं नुकसान दिसत नाही: प्रत्येक फ्रेमसोबत शूटिंगची तारीख, वेळ आणि टाइमकोड, म्हणजे कॅसेटवरची जागा सांगणारा आकडा, लिहिलेला असतो, तो या वाटेने येतच नाही.

फायरवायरने, सोनीच्या कॅमेऱ्यावर ज्याला आयलिंक लिहिलेलं असतं, फितीवरचे आकडे जसेच्या तसे हार्डडिस्कवर उतरतात. यात नवं कॉम्प्रेशन होत नाही, ती सरळ नक्कल असते. डेस्कटॉपला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं फायरवायर कार्ड बसवा, विंडोज 10 किंवा 11 असेल तर जुना लेगसी ड्रायव्हर टाका, आणि केबल जोडताना कॅमेरा बंद ठेवा, कारण सहा पिनांच्या बाजूने वीजही येते आणि उलटी लागली तर पोर्ट जळतो. कॅप्चरला, म्हणजे शूटिंग उतरवून घ्यायला, विनडीव्ही हे सॉफ्टवेअर पुरतं. कुठली फ्रेम खराब आली हे पाहायचं असेल तर डीव्हीरेस्क्यू वापरा. दोन्ही फुकट आहेत.

एक जीबीचा हिशेब साधा आहे. पालची एक फ्रेम 1,44,000 बाइटची, सेकंदाला 25, म्हणजे तासाला जवळजवळ 13 जीबी. एक जीबीत बसवायचं तर तेरापट दाबावं लागतं. वर इंटरलेस, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत भरलेली असते ते, घाईघाईत काढलं तर लेझीम खेळणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दात येतात. मोबाईलवर पाठवायला एमपी4 जरूर करा, पण मिक्सिंगला, म्हणजे एडिटिंगला, आणि जपायला मूळ 13 जीबीचीच फाईल हवी. पेन ड्राइव्ह एफएटी32 या जुन्या फॉरमॅटचा असेल तर 4 जीबीच्या मर्यादेमुळे फाईल वीस मिनिटांच्या आतच तुटेल, म्हणून डिस्क आधी एनटीएफएस फॉरमॅटची करून घ्या.

‘कॉपी करा’ एवढं सांगून मेसेज थांबतो, आणि खरं काम तिथेच सुरू होतं. माझ्याकडे एका घरातून अकरा कॅसेटा आल्या, अकराही जणींवर नुसतं ‘लग्न’ लिहिलेलं. आधी प्रत्येकीची छोटी खिटी ‘सेव्ह’कडे सरकवा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. मग पेन्सिलीने नंबर द्या आणि वहीत नोंद करा: नंबर, साल, काय आहे, एसपी (नेहमीचा वेग) की एलपी, आवाज 12 बिट की 16. हा आवाजाचा रकाना वगळू नका. 12 बिटचा आवाज 32 किलोहर्ट्झचा असतो आणि 48 किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये तसाच गेला तर ओठ आणि मंगलाष्टक यांची सांगड सुटू शकते.

फाईलला तारखेने सुरू होणारं नाव द्या, ‘2004-02-12_सीमांतपूजन_टेप03’ असं, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. कॅसेट निवडून-निवडून नका उतरवू, पूर्ण एका दमात उतरवा. मध्ये कोरी जागा सुटली असेल तर तिथून टाइमकोड परत शून्यापासून सुरू होतो. मग एकाच कॅसेटवर दोन ठिकाणी एकच आकडा येतो आणि टाइमकोड पाहून तुकडे आपोआप उतरवणारं बॅच कॅप्चर भलत्याच जागी जातं. तासाच्या कॅसेटला तास लागणारच. तुकडे नंतर संगणकावर पाडा. शूटिंगची वेळ डेटात असते, त्यावरून प्रसंग वेगळे करता येतात.

राहिलं ‘कॅसेट टाकून द्या’. दोन डिस्कवर दोन कॉप्या ठेवा, त्यातली एक पुराच्या रेषेबाहेरच्या नातेवाइकाकडे, आणि कॅसेट शेवटपर्यंत गुंडाळून, डबीत, उभी ठेवा. 2019 च्या पुरातून वाचलेली सांगलीच्या गावभागातल्या एका घरची कॅसेट मी त्याच वर्षी उतरवली, तेव्हा आजोबा मंगलाष्टक म्हणतात तिथे सहा सेकंद चौकोनच चौकोन होते. कॅसेट जपून ठेवा म्हणून मी ती परत दिली. 2023 मध्ये मला चांगल्या हेडचा डेक, म्हणजे कॅसेट चालवायचं मशीन, मिळाला. ती पुन्हा आणवली, तीनदा चालवली आणि तिन्ही वेळच्या चांगल्या फ्रेम जोडल्या. सहातले पाच सेकंद आले, आणि आजोबांचा आवाज पूर्ण आला.