बिननक्षीचा खर्च

नक्षीदार वाडा दुरुस्त करणाऱ्याची लोक कीव करतात. बिननक्षीचे घर दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असे समजतात. सोलापुरात १८७७ साली ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे कित्येक दशके हे शहर भोंग्यावर उठले, जेवले आणि झोपले. त्या भोंग्याच्या टप्प्यात, सुताच्या व्यापारातून गाठीशी चार पैसे जमल्यावर, आजोबांनी १९५० च्या दशकात जे घर बांधले, त्यात वेलबुट्टी औषधालाही नाही: सपाट छत, गोलाकार कोपऱ्याची बाल्कनी, खिडक्यांवरून सलग गेलेला काँक्रीटचा छज्जा आणि जागेवरच ओतून घासलेली मोझॅकची जमीन.

या घराला जे आहे तेवढेच ठेवायचे, ही माझी एकमेव मागणी आमच्या मिस्त्रींना अखेरपर्यंत झेपली नाही. छज्ज्याचा गिलावा सुटून सळया उघड्या पडल्या होत्या. काँक्रीटच्या आत हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू शिरला की त्याचा क्षारपणा ओसरतो, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून देते, हे त्यांना माझ्यापेक्षा उत्तम ठाऊक होते. त्यांनी सळया घासून, गंजरोधक लावून छज्जा चोख उभा केला आणि मग हळूच विचारले, ‘‘साहेब, एवढं मोकळं सोडायचं नसतंय की वो. खाली पीओपीची पट्टी मारू?’’ मी नको म्हटले. मग त्यांनी जिन्याला चकचकीत स्टीलचा कठडा सुचवला आणि तोही नाकारल्यावर, माझी ऐपत संपली असावी अशा समजुतीने, त्या दिवशी चहाचे पैसे स्वतः दिले.

छताची कथा वेगळी. आधुनिक वास्तुकलेने सपाट छताचा मोठा गाजावाजा केला; त्या पंथाचा अध्वर्यू वास्तुकार ल कॉर्ब्युझिए याने पॅरिसजवळ बांधलेले, १९३१ मध्ये पूर्ण झालेले विला साव्हॉय हे घर गळू लागले आणि मालकीणबाईंना त्याला तक्रारीची पत्रे लिहावी लागली. सोलापूरला त्यात नवल ते काय! येथे धाब्याची, म्हणजे मातीच्या छताची, सपाट घरे पूर्वापार आहेत आणि पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकायची, हे शहाणपणही तितकेच जुने आहे. मिस्त्रींनी गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला, त्याला पन्हाळीकडे नेमका उतार दिला, वर पांढऱ्या चिनी तुकड्यांचे मोझॅक बसवले आणि या एका बाबतीत माझा सल्ला ऐकूनच घेतला नाही. गच्ची गळत नाही.

मोझॅकच्या जमिनीवर सर्वांचा डोळा होता. ‘वरून टाइल टाका, दोन दिवसांत मोकळे व्हाल,’ असे आत्यापासून वायरमनपर्यंत प्रत्येकाने सांगितले. पितळी पट्ट्यांमधले ते ठिपके घासून उजळण्यास नव्या टाइलपेक्षा जास्त खर्च आला, हा आकडा मी घरात अजून कोणाला सांगितलेला नाही.

अखेरच्या दिवशी मिस्त्रींनी, केवळ मायेपोटी, दिवाणखान्याच्या छताला मधोमध पीओपीचे अष्टदल कमळ बसवले. ‘‘याचे पैसे नकोत,’’ म्हणाले. नाही म्हणवेना. पंखा फिरत असला की पाकळ्या दिसत नाहीत आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तो बंद करायला कोणी सांगत नाही, एवढाच सध्या आमच्या आधुनिकतेला आधार आहे.