डीजे-१ वाढवा, गोळ्या सोडा? थांबा जरा

गेले आठ दिवस इंदूरच्या आमच्या निम्म्या मराठी ग्रुपांवर एकच मेसेज गोल गोल फिरतोय, काल एका दिवसात चौघांनी पाठवला, दोघांनी वर लिहिलं की ताई तुम्ही बायोकेमिस्ट्री शिकवायच्या ना, बघा जरा. मेसेज थोडक्यात असा: मेंदूत डीजे-१ नावाचं प्रोटीन असतं, ते पेशींना ऑक्सिडेशनपासून, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणाऱ्या झिजेपासून, वाचवतं, ते कमी झालं की पार्किन्सन होतो, म्हणून रोज सकाळी प्रोटीन पावडर आणि अँटीऑक्सिडंट कॅप्सूल घ्या, डीजे-१ जितकं जास्त तितकं चांगलं, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील.

सुरुवात खरी आहे हीच पंचाईत, कारण मग पुढचं सगळंच पटायला लागतं.

पेशींना वाचवतं हे बरोबर. मेंदू वजनाला शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्क्यांच्या आसपास, आणि पार्किन्सनमध्ये ज्या पेशी जातात त्या डोपामिन बनवतात, म्हणजे हालचालीचा निरोप पोचवणारं रसायन, आणि हे डोपामिन स्वतःच ऑक्सिडाइझ होणारं, म्हणजे घरातच ठिणगी. पण लोकांना वाटतं डीजे-१ पोछा मारत फिरतं, तसं नाहीये. १८९ अमिनो आम्लांची (म्हणजे प्रोटीनच्या मण्यांची) ही छोटीशी माळ, तिच्यात १०६ व्या नंबरला सिस्टीन नावाचा मणी, त्याच्या सल्फरला ऑक्सिजन चिकटला की प्रोटीनला कळतं की ताण वाढला, आणि मग ते कामाला लागतं: मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची वीजघरं, सांभाळ, पार्किन्सनमध्ये पेशींत साठणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रोटीनचे गोळे होऊ देऊ नको, एनआरएफ-२ म्हणून एक प्रोटीन आहे ते पेशीच्या बचावाची जीन्स चालू करतं तर त्याला टिकवून धर. एकटं प्रोटीन आणि इतकी कामं, आपल्या घरात एक काकू असतात ना तसं. मात्र ऑक्सिजन जास्तच चिकटला की ते स्वतःच निकामी होतं. म्हणजे थोडं ऑक्सिडेशन ही त्याची घंटा आहे, ते सरसकट पुसून टाकणं हा उपाय कसा होईल ते मेसेजवाल्यांनी सांगावं.

आता "कमी झालं की पार्किन्सन". २००३ मध्ये डच आणि इटालियन कुटुंबांत या जीनचा बिघाड सापडला हे खरं, पण त्यासाठी आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली अशा दोन्ही प्रती बिघडायला लागतात, आजार तरुण वयातच सुरू होतो, आणि असे पेशंट फार म्हणजे फारच थोडे. सत्तरीत हात थरथरायला लागलेल्या आपल्या बहुतेकांचं हे जीन ठीक असतं. उंदरांत हे जीन काढून टाकलं तरी डोपामिनच्या पेशी काही धडाधड मेल्या नाहीत, एमपीटीपी नावाचं विष दिल्यावर मात्र साध्या उंदरांपेक्षा जास्त मेल्या. म्हणजे डीजे-१ नसलं तर संकटात टिकाव कमी लागतो, एवढंच.

प्रोटीन खाल्लं की डीजे-१ वाढतं? खाल्लेलं प्रोटीन पोटात तुटून अमिनो आम्लं होतात, कुठल्या पेशीने त्यातून काय विणायचं ते पेशीच ठरवते. बाजारातून लोकर आणली म्हणून स्वेटर होत नाही.

"जितकं जास्त तितकं चांगलं" वाचून तर मी कपाळाला हात लावला. हे प्रोटीन १९९७ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा सापडलं ते मेंदूच्या नाही, कॅन्सरच्या संशोधनात! पेशीला मरू न देणं हा त्याचा गुण, तो कॅन्सरच्या पेशीलाही उपयोगी पडतो, स्तनाच्या आणि फुफ्फुसाच्या कितीतरी गाठींत ते वाढलेलं सापडतं.

कॅप्सूलचं म्हणाल तर मोठ्या ट्रायल झाल्यात. अमेरिकेत ८०० पेशंटांवर व्हिटॅमिन ई, रोज २००० युनिट, १९९३ चा निकाल: आजाराचा वेग काही कमी झाला नाही. मग कोएन्झाइम क्यू-१०, ६०० पेशंट, रोज १२०० आणि २४०० मिलिग्रॅम, फायदा दिसेना म्हणून ट्रायल मध्येच थांबवली, निकाल २०१४ ला आला.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं टाइप करतेय ते. आमच्या काकांना सहा वर्षांपासून पार्किन्सन. मेसेज यायच्या आधीच एका दुकानातून कोणीतरी डबा आणून दिला होता, दुकानदार म्हणाला "भिया, सब नेचरल है". काकू कौतुकाने रोज सकाळी आठला दुधात दोन चमचे पावडर घुसळून द्यायच्या, त्याच दुधाबरोबर लेव्होडोपाची गोळी, म्हणजे पार्किन्सनचं मुख्य औषध. दहा वाजले तरी काका खुर्चीतून उठेनात, बटण लावता येईना, काकू म्हणाल्या आजार वाढला. आजार नव्हता वाढला हो. लेव्होडोपा स्वतः अमिनो आम्ल आहे, आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला त्याचं दार तेच जे प्रोटीनमधल्या काही अमिनो आम्लांचं, आणि दारात पावडरची एवढी गर्दी झाली की गोळी बिचारी बाहेरच. कितीतरी पेशंटांना हे होतं, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासाभराने घ्यायला सांगतात. गोळी अचानक बंद करणं तर त्याहून वाईट, अंग लाकडासारखं कडक होऊन ताप चढू शकतो, दवाखान्यात भरती करायची वेळ येते, तेव्हा तीन महिन्यांत गोळ्या सुटतील हे वाक्य वाचून कोणी मनाने डोस कमी केला असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, ग्रुपवर विचारत बसू नका.

डॉक्टरांनी काकांचं फक्त वेळापत्रक बदललं, गोळी सातला साध्या पाण्याबरोबर, पोहे पावणेआठला, डाळ-पनीर रात्रीकडे ढकललं. डबा माळ्यावर गेला. परवा गेले तर काका स्वतः पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरवत होते, मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "हात हलतो ना, त्यामुळे सगळीकडे सारखं पडतं बघ."