न्यूट्रलवाल्यांनो, जरा ऐका

आज नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात चहा घेत होतो. भाच्याने हप्त्यावर नवी पिकअप काढलीय. चार पोरांत छाती फुगवून सांगत होता, "मामा, आपण माळशेज घाट अख्खा न्यूट्रलवर उतरतो. डिझेल वाचतं." आणि पोरं माना डोलावतायत! चहा अर्धा ठेवून उठलो.

अरे, काय डोंबल वाचतं? गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात, डिझेल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलला उलट इंजिन जिवंत राहायला डिझेल पितंच. काही महाभाग तर चावीच बंद करतात. मग दोन-तीनदा पाय मारला की ब्रेकचं पॅडल दगड होतं, स्टिअरिंग जड होतं ते वेगळंच.

२०१२ च्या जुलैत मीही असाच शहाणा होतो. १३० क्रेट, एकेक २० किलोचा. म्हणजे २६०० किलो, आणि गाडीची क्षमता दीड टनाची. शेजारी तात्या. एमटीडीसीचा फाटा मागे पडला, धुकं, पाऊस, गाडी न्यूट्रलला आणि माझा पाय सारखा ब्रेकवर. थोड्याच वळणांत ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला. पाय दाबतोय, गाडी ऐकेना. तात्यांच्या तळहातावर तंबाखू तशीच, चुना लावायचा राहिलेला. ओरडले नाहीत. "तिसरा टाक. आता दुसरा." इंजिन किंचाळलं, वेग उतरला, आणि डोंगराकडच्या गटारात मी चाक घातलं.

टोमॅटो रस्ताभर. धबधब्याला आलेली मंडळी त्यांचे फोटो काढत होती. असो.

ज्या गिअरला घाट चढतोस, त्याच गिअरला उतरायचा. हे तात्या आधी शंभरदा बोलले असतील. ब्रेक मधेमधे दाबून सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. तापला की काही उरत नाही त्यात.

हो, भाडं परवडत नाही, कबूल. शेतकरीच म्हणतो अजून दहा क्रेट टाक. पण वरच्या थराने गाडी वळणावर कलते तेव्हा तो शेतकरी शेजारी नसतो. आणि परतताना रिकामी गाडी हलकी म्हणून बिनधास्त पळवतात. मागे वजनच नाही, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागची बाजू पुढे यायला बघते. त्यात हौद्यात माणसं उभी करून लग्नाला न्यायची! मालवाहू गाडी आहे ती, धरायला दोरी सोडून काही नाही. यावर मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही.

सकाळी भाच्याला चारचौघांत जास्तच बोललो. पोरगं कष्टाळू आहे, तोंड एवढंसं झालं त्याचं. त्याला कोण शिकवणार? लायसन्सच्या परीक्षेत घाट नसतो. मला तरी तात्या होते. त्या दिवशी गटारात उतरून, भिजत, त्यांनी आधी चाकाला दगड लावला आणि मग चुन्याची डबी शोधली. मला एक शब्द बोलले नाहीत.

रात्री फोन केला त्याला. पहाटे तीनला कल्याणला निघतोय, शेजारी मी बसणार. भाचेसाहेब नाराज आहेत. माझ्या जागेवर दोन क्रेट मावले असते म्हणे.